घरचं बी उगवत नाही? पाणी वाढवण्याआधी माती उकरून बघा

सलग तीन वर्षं माझं एकच रडगाणं होतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात हौसेने भेंडी, मिरची, वांगी, घेवडा, दुधी यांचं बी धरायचं, बरण्या भरायच्या, वर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि मृग लागला की कुंड्यांत पेरायचं. वीस दाण्यांतले उगवायचे दोन-तीन. मग धावत नर्सरीत जाऊन पाकिटं आणायची. पहिल्या वर्षी मी मातीला दोष दिला. दुसऱ्या वर्षी कोकोपीट बदललं. तिसऱ्या वर्षी 'गावठी बियाण्यात आता जोरच राहिला नाही' असं म्हणून मोकळी झाले.

पण ते काही मनाला पटेना, कारण ज्या आत्यांकडून (म्हणजे माझ्या सासूबाईंकडून) हे बी आलं, त्यांच्या शिरूर तालुक्यातल्या परसात तेच बी दरवर्षी गवतासारखं उगवतं. बी तेच, घराणं तेच. डोंबिवलीच्या गच्चीवर आलं की मान टाकतं.

तुमचंही असंच होत असेल तर आधी एक करा. पेरून आठ-दहा दिवस झाले आणि वर काही दिसेना, की आपण घाबरून पाणी वाढवतो. ते थांबवा. एका कोपऱ्यातली माती चमच्याने हलकेच उकरा आणि पेरलेलं बी शोधून काढा. मी तीन वर्षांत हे एकदाही केलं नव्हतं. 'उगवलं नाही' म्हणजे एक दुखणं नव्हे, निदान चार वेगवेगळी दुखणी आहेत आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या उलटे आहेत. कोणतं झालंय ते बीच सांगतं.

बी सापडलंच नाही तर

मुंग्या. टोमॅटो, वांगी, माठ, राजगिरा असं बारीक बी मुंग्या रात्रीतून वाहून नेतात. मोठं बी, विशेषतः भोपळा आणि काकडी, उंदीर नेतो. घेवड्या-वालाचे नुकते वर आलेले कोंब कबुतरं खुडतात. उपाय सोपा आहे. पूर्वी दुभत्याच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे, तसंच परातीत चार वाट्या पालथ्या घाला, त्यांवर रोपांचा ट्रे ठेवा आणि खाली परातीत पाणी राहू द्या. कबुतरांसाठी वरून जुनी मच्छरदाणी. हळदीची रेघही ओढून पाहिली होती, पहिल्याच शिंतोड्यात ती वाहून गेली.

बी जसंच्या तसं टणक सापडलं तर

हे बी मेलेलं नाही, ते अजून झोपलेलं आहे. कारली, दुधी, दोडका यांचं कवच जाड असतं, भेंडीतही काही दाणे पाणी आत घेतच नाहीत. रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. कारल्याच्या बियाची टोकाकडची कड नेलकटरने अगदी जराशी उडवा, आतला गर दुखवू नका. धणे तर अख्खे पेरूच नयेत. एका धण्यात दोन बिया असतात. पाटीवर ठेवून लाटण्याने हलकेच रगडले की दोन फोडी होतात, मग रात्रभर भिजवून पेरायचे.

बी टणक राहण्याचं दुसरं कारण थंडी. मिरची आणि वांगं यांना रुजायला साधारण २५ ते ३० अंश ऊब लागते. डिसेंबरात नाशिक-पुण्याकडे रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा पेरलेली मिरची तीन आठवडे नुसती बसून राहते. कोथिंबीर आणि पालक यांचं नेमकं उलट: एप्रिल-मेच्या तापलेल्या मातीत ते रुसतात.

आणि खोली बघा. बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट माती वर असली की पुरे. माठाचं बी तर मातीवर भुरभुरवून वर चिमूटभर चाळलेलं खत टाकलं की झालं. खोल पेरलेलं बारीक बी रुजतं, पण वर येईपर्यंत त्याची शिदोरी संपते. कुंडीत नुसती बागेची माती असेल तर पाणी घातल्यावर वर पापडी धरते आणि कोंब त्याखाली वेटोळं करून मरतो. तोही उकरल्यावरच दिसतो.

कोंब फुटला होता, पण कुजला

किंवा दोन पानांवर रोप आलं, सकाळी छान होतं, संध्याकाळी मातीलगत बारीक होऊन आडवं पडलं. ही मर. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या मातीतल्या बुरशी जमिनीलगतचा देठ पोखरतात. एकदा आडवं झालेलं रोप उभं राहत नाही, त्यामुळे औषध शोधण्यात वेळ घालवू नका, बाकीची वाचवा. रोज संध्याकाळी पाणी, दाट पेरणी आणि हवा न खेळणारा कोपरा, या तिघांची गट्टी जमली की मर आलीच. पाणी सकाळी घाला. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, म्हणजे मूठ आवळली तर गोळा व्हावा आणि बोटाने टोकला तर फुटावा, तेवढीच ओल हवी. ट्रे वापरण्याआधी धुवून उन्हात तापवा. कुंड्यांतली जुनी माती मे महिन्यात ओलसर करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली चार ते सहा आठवडे झाकून ठेवली तर पुष्कळशी बुरशी उन्हानेच मरते. पेरताना मातीत ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपकारक बुरशी) मिसळणं उपयोगी, पण ते आधी करायचं. रोपं पडू लागल्यावर नव्हे. दालचिनीची पूड टाका असं बरेच जण सांगतात. मी टाकली. गच्चीला बिर्याणीचा वास आला, रोपं पडायची ती पडलीच.

बी मऊ, पिठूळ झालेलं सापडलं तर

माझं दुखणं हे होतं, आणि बहुतेकांचं हेच असतं असं मला आता वाटतं. चिमटीत धरलं की बी फुसकन फुटतं, आत करडा लगदा. म्हणजे ते एकतर पाण्यात गुदमरलं किंवा पेरण्याआधीच मेलेलं होतं. यातलं कोणतं खरं, ते मातीत कळत नाही. त्यासाठी फडकं लागतं.

ओल्या सुती फडक्यावर वीस दाणे मांडा, गुंडाळी करा, डब्यात ठेवा, झाकण किंचित उघडं. फडकं ओलं हवं, गळतं नको. मेथी, मुळा तीन-चार दिवसांत दिसतात. टोमॅटोला आठवडा लागतो, मिरची-वांग्याला दोन आठवडे द्या. तिसऱ्याच दिवशी मिरचीची गुंडाळी उघडून निराश होणं म्हणजे पी हळद आणि हो गोरी. फडक्यात रुजलं आणि कुंडीत नाही, तर दोष माती-पाण्याचा. फडक्यातही नाही, तर बी मेलेलं, कितीही भारी गांडूळखत घाला.

आणि शंभरातले शंभर रुजावेत ही अपेक्षा सोडा. आपल्या देशाच्या बीज प्रमाणीकरणाच्या मानकांतही टोमॅटो-वांग्याला ७० टक्के, भेंडीला ६५ आणि मिरचीला ६० टक्के उगवण पुरेशी धरलेली आहे. वीसात बारा मिरच्या रुजल्या तर ती बरणी पास.

माझ्या फडक्यात मागच्या वर्षी भेंडीचे वीसात तीन रुजले. मिरचीचा एक. घेवड्याचे दाणे फुगले, बुळबुळीत झाले आणि त्यांना आंबूस वास आला. म्हणजे माती निर्दोष. गुन्हा बरणीत घडला होता.

आत्यांना फोन लावला. त्यांनी एकच विचारलं, "डब्यात घालायच्या आधी चावून बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. मी बी 'वाळलेलं दिसतंय' म्हणून भरत होते. डोंबिवलीत सप्टेंबरअखेर दोन दिवस ऊन पडलं की आपल्याला हवा कोरडी वाटते, पण ती तशी नसते. बी हवेतला दमटपणा शोषतं आणि तेवढ्यावरच थांबतं. दमट हवेत महिनाभर पसरून ठेवलं तरी ते एका मर्यादेपलीकडे वाळतच नाही. असं अर्धवट वाळलेलं बी मी घट्ट झाकणाच्या बरणीत कोंडत होते, आणि बरणी गॅसच्या वरच्या फळीवर. ओल आत कोंडलेली, बाहेरून रोज तीन वेळा ऊब. त्या बियाने आठ महिने तगावं तरी कसं?

बियाणेशास्त्रात एक जुना ठोकताळा आहे, हॅरिंग्टनचा नियम. बियातला ओलावा १ टक्क्याने कमी झाला की त्याचं साठवणीतलं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान ५ अंश सेल्सिअसने उतरलं की पुन्हा दुप्पट. ओलावा ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान असतो तोवर हे हिशेब लागू पडतात. हाच हिशेब उलटा लावला की माझ्या फळीवर काय झालं ते कळतं.

मग आत्यांचं कसं टिकतं? त्यांच्याकडे बी पिकतं तेव्हा हवा खरोखर कोरडी असते, ही एक गोष्ट. दुसरी चूल. मक्याची कणसं साल मागे वळून आढ्याला टांगलेली, बियाचा दुधी अख्खाच्या अख्खा वर लटकवलेला, खालून रोज धूर आणि कोरडी ऊब. घेवडा राखेत कालवून गाडग्यात. त्यांनी हॅरिंग्टनचं नाव ऐकलेलं नाही आणि त्यांचं काही अडलेलंही नाही. मी मात्र त्यांच्या पद्धतीतलं गाडगं तेवढं उचललं होतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांच्या बियाणे बँकेची बातमी वाचून कुंभाराकडून मडकंही आणलं. पण मडक्याला बारीक छिद्रं असतात. राख नाही, चूल नाही, लिंपलेलं तोंड नाही, आणि बाहेर कोकणपट्टीचा पावसाळा; माझं मडकं जुलैत हाताला गार लागायचं.

चूल नसलेल्या घरात काय करायचं

फळ पुरतं पिकू द्या, हे पहिलं. वांगं झाडावर पिवळं-तपकिरी होईपर्यंत, भेंडी वाळून शिरेवर तडकेपर्यंत, दुधीच्या सालीत नख शिरेनासं होईपर्यंत. खाण्यासाठी तोडलेल्या कोवळ्या काकडीचं बी कितीही नीट वाळवा, ते कच्चंच असतं. टोमॅटोचा गर बियांसकट वाटीत दोन दिवस आंबू द्या. बियांभोवतीचं बुळबुळीत वेष्टण सुटतं, मग चाळणीत धुवा. तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत विसरलात तर बिया वाटीतच रुजायला लागतात.

वाळवणं सावलीत, पंख्याखाली, ताटलीत पातळ पसरून. तापलेल्या पत्र्यावर किंवा दुपारच्या गच्चीवर नको. पापडांना चालतं ते बियाला चालत नाही, चाळीस अंशांच्या वर त्याचा जीव जायला लागतो. कागदी रुमालावर टोमॅटोचं बी चिकटतं, चिनी मातीची बशी बरी.

यानंतर माझ्या घरात जी पायरी नव्हती ती. तांदूळ कढईत कोरडेच दहा-पंधरा मिनिटं परतायचे, झाकणाच्या डब्यात पूर्ण गार करायचे, आणि बरणीत खाली अर्ध्यापर्यंत भरायचे. वर कागदाच्या पाकिटांत बी. झाकण घट्ट. भाजलेला तांदूळ बियातली उरलेली ओल ओढून घेतो. आठवड्याने तांदूळ बदलायचा. सिलिका जेलच्या पुड्या मिळाल्या तर आणखी चांगलं. निळे खडे गुलाबी झाले की ओल भरली, ते मंद आचेवर तापवले की पुन्हा निळे होतात.

आणि मग आत्यांची परीक्षा. घेवड्याचा दाणा दाताखाली धरा. दाताचा वण उमटला तर अजून ओला आहे. भोपळ्याचं बी वाकवा, कट्कन मोडलं पाहिजे. नुसतं वाकलं तर परत तांदळात. (विकतचं, औषध लावलेलं गुलाबी-निळं बी मात्र दाताजवळही नेऊ नका.)

इतकं झाल्यावर बरणी फ्रीजमध्ये, खालच्या भाजीच्या खणात नव्हे, वरच्या फळीवर. इथे आणखी एक खड्डा आहे आणि मी त्यात पडले होते. जूनच्या दमट दुपारी गार बरणी बाहेर काढली आणि लगेच झाकण उघडलं. पाण्याच्या गार तांब्याला जसा घाम फुटतो तसा आतल्या प्रत्येक बियाला फुटला. उरलेलं बी मी तसंच परत ठेवलं, ते गेलं. बरणी बाहेर काढून तास-दोन तास बंदच ठेवायची, खोलीइतकी कोमट झाली की मग उघडायची. त्यापेक्षा पेरणीपुरती छोटी पाकिटं वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवलेली बरी.

सगळंच बी सारखं टिकत नाही. कांद्याचं बी वर्षभरात वापरून टाका, त्याच्यावर जीव लावू नका. भेंडी, मिरची, कोथिंबीर दोन वर्षं. टोमॅटो, वांगी, काकडी नीट वाळवलेली असतील तर चार वर्षंही निघतात.

पांढरे ठिपके आणि भोकं

वाल, पावटा, चवळी, तूर यांच्या बरणीत फेब्रुवारीत भुंगे फिरताना दिसले तर ते बरणीत शिरले कुठून म्हणून झाकणावर संशय घेऊ नका. ते आधीपासूनच आत होते. मादी शेंगेवर किंवा दाण्यावर अंडी घालते, तेच पांढरे ठिपके. अळी दाण्यात वाढते आणि गोल भोक पाडून भुंगा बाहेर येतो. दाणे चावण्याच्या परीक्षेत पास झाले की बरणीसकट आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा. ओले दाणे ठेवाल तर भुंग्याबरोबर कोंबही मरेल, म्हणून आधी वाळवणं. किलोला चमचाभर खाण्याचं तेल चोळणं हाही जुना आणि चालणारा उपाय.

उगवतं, पण भलतंच

बाजारातल्या टोमॅटोचं बी पेरलं, झाड आलं, फळं मात्र निम्मी लहान, निम्मी फोपशी. यात तुमचा दोष नाही. बाजारातला टोमॅटो बहुतेक संकरित असतो आणि त्याच्या पुढच्या पिढीत गुण विखुरतात. पाकिटावर 'एफ-१' किंवा 'संकरित' लिहिलं असेल तर बी धरायचे कष्ट घेऊ नका. बी धरायचंच तर सरळ वाण, म्हणजे ज्याच्या बियातून पुन्हा तसंच झाड येतं ते, घ्या: भेंडीत परभणी क्रांती, मिरचीत फुले ज्योती, दुधीत सम्राट, किंवा शेजारच्या आजींकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे ते. ढोबळी आणि तिखट मिरची जवळ असतील तर मधमाश्या त्यांचं लग्न लावतात. यंदाची ढोबळी ढोबळीच लागते, तिच्या बियांतून पुढल्या वर्षी तिखट निघते. फुलण्याआधी फांदीला ऑर्गेंझाची पिशवी बांधली की मिरची स्वतःच्याच परागाने धरते.

दुधीचं जरा सविस्तर सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी माझ्या घरच्या बियाचा दुधी कडूजहर निघाला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "कारल्याचा वेल लागून होता ना, त्याचा गुण लागला." हे सगळीकडे ऐकू येतं आणि ते खरं नाही. दुधी आणि कारलं वेगळ्या वंशाचे आहेत, त्यांचा संकर होत नाही. दोडक्याचाही दुधीशी होत नाही. कडूपणा येतो कुकुरबिटासिन या द्रव्यामुळे. एकतर आदल्या वर्षी कडू जातीच्या भोपळ्याचा पराग आला असेल (तानपुऱ्याचा आणि काही शोभेचे भोपळे हे दुधीचेच भाऊबंद), किंवा वेलाला पाण्याचा ताण पडला असेल. आमच्या इमारतीत खाली कुणीतरी शोभेचा भोपळा चढवला होता, माझा संशय त्याच्यावर. कारण काहीही असो, दुधीची आधी एक चकती जिभेला लावून बघा. कडू लागली तर थुंका, भाजी करू नका, रस तर मुळीच काढू नका. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावलेली आहेत. आणि त्या वेलाचं बी फेकून द्या.

तेव्हापासून मी बियाच्या दुधीचं लग्न स्वतः लावते. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं. दुपारी, उद्याचं नव्हे तर आजच उमलणार अशी एक मादी कळी (खाली चिमुकला दुधी असतो ती) आणि दोन नर कळ्या दोऱ्याने बांधून ठेवायच्या. सात-साडेसातला दोरा सोडायचा, नर फुलाच्या पाकळ्या काढून दांडी मादी फुलात फिरवायची, फूल परत बांधायचं आणि देठाला लाल दोरा. लाल दोऱ्याचा दुधी घरात कुणीही तोडायचा नाही, पाहुणे आले तरी.

यंदाच्या फडक्याचा हिशेब: मिरची वीसात चौदा, वांगं पंधरा, घेवडा एकोणीस, दुधी दहात नऊ. भेंडीचे सातच रुजले, कारण ती बरणी मी घाईत तांदूळ न बदलताच बंद केली होती. फेकली नाही, तिप्पट दाट पेरली आणि नांग्या (न उगवलेल्या जागा) भरायला थोडी राखून ठेवली. कांद्याच्या बियाचा एकही दाणा हलला नाही. ते आत्यांकडूनच मागवलंय.